संगणकातील घुसखोर : त्यांचे कौशल्य आणि त्यांच्या प्रेरणा

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानावरून)



२०१८ सालच्या ऑगस्ट महिन्यात पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर दरोडा पडला. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेची एकही तिजोरी फुटली नाही, एकाही रखवालदाराला धक्का लागला नाही. तरीही ११ ऑगस्टच्या शनिवारी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून सुमारे १२ हजार व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले. त्याच सुमारास भारतातील यंत्रांमधून सुमारे अडीच कोटी रुपये गेले, आणि १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लक्ष रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण ९४ कोटी ४२ लक्ष रुपयांचा हा अपहार होता.

हे कसे घडले? एटीएममध्ये कार्ड घातले की ते यंत्र बँकेला विचारते, "या खात्यात पैसे आहेत काय? द्यावेत काय?" हा प्रश्न बँकेपर्यंत नेणारी व त्याचे उत्तर परत आणणारी एक मधली यंत्रणा असते. घुसखोरांनी या मधल्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा बसविली. प्रश्न बँकेपर्यंत पोहोचेनासा झाला आणि प्रत्येक प्रश्नाला "होय, द्यावेत" असे उत्तर परस्पर जाऊ लागले. गावच्या पोस्टमनला वाटेत अडवून त्याच्या जागी आपला माणूस उभा करावा, तसाच हा प्रकार होता.

या घटनेतून दोन प्रश्न उभे राहतात. असे कृत्य करणाऱ्या माणसाला नेमके काय येत असते? आणि त्याला नेमके काय हवे असते? संगणक आता केवळ मोठ्या बँकांपुरता उरलेला नाही. ग्रामपंचायतीचा निधी, शाळेतील विद्यार्थ्यांची नोंद, सातबाराचा उतारा, निवृत्तिवेतन हे सारे व्यवहार संगणकावरून होतात. म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक लोकसेवकाला ठाऊक असणे आवश्यक झाले आहे.

एका शब्दाचा प्रवास

'हॅकर' हा शब्द जन्मतः निंदाव्यंजक नव्हता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९५०-६० च्या सुमारास खेळण्यातील आगगाड्यांचा छंद असणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. एखादी गुंतागुंतीची जोडणी अनपेक्षित, चतुर युक्तीने साधणाऱ्यास तेथे हॅकर म्हणत. हेच विद्यार्थी पुढे संस्थेच्या संगणकाकडे वळले आणि शब्दही त्यांच्याबरोबर संगणकाकडे आला.

या कुतूहलाची दुसरी शाखा दूरध्वनीच्या तारांवर वाढली. १९६० ते १९७५ च्या काळात अमेरिकेतील दूरध्वनी यंत्रणा २६०० हर्ट्झ या विशिष्ट कंपनसंख्येच्या स्वरावरून लांब पल्ल्याची वाहिनी मोकळी आहे की नाही हे ओळखत असे. एका न्याहारीच्या खाद्यपदार्थाच्या खोक्यात मुलांसाठी मिळणारी शिटी नेमका हाच स्वर काढते, हे काही तरुणांच्या ध्यानात आले, आणि फुकट दूरध्वनी करण्याचा छंद फैलावला. अवाढव्य यंत्रणा आणि तिला चकविणारी पोराटोरांची शिटी! या विसंगतीत जी मौज होती, तिनेच पुढील अनेकांना या वाटेवर ओढले.

भारतीय कायद्यानेही हा शब्द काही काळ वापरला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ चे शीर्षकच 'संगणक यंत्रणेचे हॅकिंग' या अर्थाचे होते. २००८ च्या दुरुस्तीने तो शब्द वगळून 'संगणकविषयक अपराध' असे व्यापक शीर्षक आले, आणि अप्रामाणिकपणे वा कपटाने केलेले कृत्य हा अपराधाचा गाभा ठरला. हा भेद महत्त्वाचा आहे. मालकाच्या अनुमतीने कुलूप तपासणारा आणि रात्री तेच कुलूप उघडणारा यांचे ज्ञान एकच असू शकते. त्यांना वेगळे करतात ते हेतू आणि अनुमती.

बुद्धीपेक्षा चिकाटी

संगणकातील गुन्हेगार म्हणजे कोणी अलौकिक बुद्धीचा मनुष्य, असा समज चित्रपटांनी रूढ केला आहे. प्रत्यक्ष प्रकरणे पाहिली की हा समज फारसा टिकत नाही.

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल नावाचे खगोलशास्त्रज्ञ संगणकांची देखभाल करीत होते. संगणक वापराच्या हिशोबात केवळ ७५ सेंटांची तफावत आढळली. इतकी क्षुल्लक रक्कम कोणीही सोडून दिली असती. स्टॉल यांनी ती सोडली नाही. शोध घेता घेता धागा अटलांटिकपलीकडे पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तेथील काही तरुण अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरून मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर खात्याला विकत होते. १९९० साली त्यांना शिक्षाही झाल्या.

या घुसखोराने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केले आणि ३० हून थोड्या अधिक संगणकांत त्याला प्रवेश मिळाला. म्हणजे बहुतेक दारे बंदच निघाली; पण तो एकेक दार ढकलून पाहत राहिला. ज्या ठिकाणी तो शिरला तेथे पुष्कळदा यंत्र बनविणाऱ्याने मुळात ठेवलेला परवलीचा शब्दच बदललेला नव्हता. हे कौशल्य प्रतिभेचे नसून चिकाटीचे आहे, आणि ते फलद्रूप होते ते समोरच्याच्या आळसामुळे.

माणसांची पारख

दुसरे कौशल्य यंत्राशी संबंधितच नाही. केव्हिन मिटनिक या अमेरिकन घुसखोराला १९९५ च्या फेब्रुवारीत अटक झाली. शिक्षा भोगून आल्यावर २००० साली त्याने अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की कित्येकदा यंत्रणा फोडावी लागलीच नाही. दूरध्वनीवरून सहकारी असल्याची बतावणी केली आणि कर्मचाऱ्यांनी हवी ती माहिती स्वतःहून दिली.

२००५ साली पुण्यातील एका कॉल सेंटरमधील काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकन ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक मिळविले आणि सुमारे साडेतीन लक्ष डॉलर परस्पर वळविले. त्यात संगणकशास्त्र अगदी थोडे, संभाषणकलाच अधिक होती. झारखंडमधील जामताडा हे नाव आज देशभर कुप्रसिद्ध झाले आहे तेही याच कलेमुळे. "बँकेतून बोलतो आहे, आपले खाते बंद होणार आहे," हे एकच वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात भीती व घाई एकाच वेळी निर्माण करते. भ्यालेला आणि घाईत असलेला मनुष्य प्रश्न विचारीत नाही. गुन्हेगाराला नेमके हेच ठाऊक असते.

कार्यपद्धतीचे ज्ञान

तिसरे कौशल्य सर्वांत धोकादायक आहे. बळी पडणाऱ्या कार्यालयाचे काम कसे चालते याचा बारकाईने अभ्यास करणे, हे ते कौशल्य. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कमधील खाते लुटण्याचा प्रयत्न झाला. या कटाचा आरंभ वर्षभर आधी, जानेवारी २०१५ मध्ये, बँकेच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या नोकरीच्या अर्जांच्या ई-पत्रांनी झाला होता. अर्जासोबतची माहिती कोणीतरी उघडली आणि घुसखोरांना प्रवेश मिळाला. त्यानंतर कित्येक महिने त्यांनी काहीही चोरले नाही. ते केवळ पाहत राहिले.

मग त्यांनी दिवस निवडला. ४ फेब्रुवारीच्या गुरुवारी रात्री न्यूयॉर्कला आदेश गेले. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुटी होती, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, आणि पैसे जेथे जायचे त्या फिलिपाइन्समध्ये सोमवारी चांद्र नववर्षाची सुटी होती. व्यवहारांची नोंद कागदावर छापणारे यंत्रही त्यांनी निकामी करून ठेवले होते. ३५ आदेशांद्वारे सुमारे ९५ कोटी १० लक्ष डॉलर काढण्याचा बेत होता. त्यांपैकी पाच आदेश पार पडले. श्रीलंकेला गेलेले दोन कोटी डॉलर एका शब्दातील अक्षरलेखनाच्या चुकीमुळे संशय येऊन परत मिळाले. परंतु आठ कोटी दहा लक्ष डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले.

यातून कार्यालयीन बोध असा, की छपाईयंत्र बंद पडणे ही नेहमीचीच कटकट मानून तेथील कर्मचाऱ्यांनी प्रथम दुर्लक्ष केले. लहान बिघाडाची चौकशी न होणे हेच या घुसखोरांचे भांडवल होते. ७५ सेंटांची चौकशी करणारे स्टॉल आणि बंद छपाईयंत्राकडे दुर्लक्ष करणारे कार्यालय, या दोहोंतील अंतर हेच सुरक्षितता व सर्वनाश यांतील अंतर होय.

उसनी शस्त्रे, वाटून घेतलेली कामे

प्रत्येक गुन्हेगाराला सारेच येते असेही नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील संगणकांमधील माहिती कुलूपबंद केली आणि ती सोडविण्यासाठी ३०० डॉलर किमतीचे आभासी चलन मागितले. तिच्यात वापरलेली युक्ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेली होती. संगणकातील ती फट बुजविणारी दुरुस्ती उत्पादक कंपनीने दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच, उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती लावून घेतली नाही ते सापडले. ब्रिटनमध्ये रुग्णालयांचे कामकाज कोलमडले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या.

आता या धंद्यात श्रमविभागणी आली आहे. एक जण शस्त्र बनवितो, दुसरा चोरलेले परवलीचे शब्द विकतो, तिसरा प्रत्यक्ष घुसतो, चौथा पैसा फिरवितो, आणि अगदी तळाशी बनावट कार्ड घेऊन यंत्रासमोर उभा राहणारा भाडोत्री माणूस असतो. कॉसमॉस प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने २०२३ साली ११ जणांना दोषी ठरविले. ते प्रामुख्याने या शेवटच्या फळीतले होते. थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते वा कार्ड 'भाड्याने' देणाऱ्या तरुणाने हे ध्यानी ठेवावे, की सूत्रधार सातासमुद्रापार राहतो आणि बेडी प्रथम त्याच्याच हाती पडते.

प्रेरणा : कुतूहल आणि प्रतिष्ठा

आता दुसरा प्रश्न. या माणसांना काय हवे असते? पैसा, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःहून पसरणारी एक आज्ञावली जाळ्यात सोडली. तिने सुमारे सहा हजार संगणक ठप्प केल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. त्यातून त्याला एक पैसाही मिळणार नव्हता. न्यायालयाने त्याला तीन वर्षांची देखरेख, ४०० तासांची समाजसेवा व दंड अशी शिक्षा दिली. पुढे हाच मॉरिस मॅसॅच्युसेट्सच्या त्याच नामांकित संस्थेत प्राध्यापक झाला. बुद्धी तीच, एकदा तिला बांध नव्हता, नंतर तिला काम मिळाले.

ब्रिटनच्या राष्ट्रीय गुन्हे संस्थेने २०१५ साली सांगितले, की तिच्या चौकशीतील सायबर संशयितांचे सरासरी वय १७ वर्षे आहे. २०१७ च्या तिच्या अहवालातून असे दिसले, की या मुलांना पैशापेक्षा आव्हान पुरे केल्याचे समाधान आणि बरोबरीच्या मुलांत मिळणारी वाहवा अधिक प्रिय असते. परीक्षेत मागे पडणारा, वर्गात कोणी न विचारणारा मुलगा त्या अदृश्य मंडळीत एकाएकी मानाचा ठरतो. ही भूक शाळेने भागविली नाही, तर ती दुसरीकडे भागते.

यातून लोभाकडे जाणारी वाट फार लांब नसते. २०१६ साली तीन अमेरिकन तरुणांनी 'मिराई' नावाची आज्ञावली रचली. घरोघरीच्या कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांत, त्यांचे मूळचे परवलीचे शब्द वापरून, ती शिरत असे. तिच्या उगमाशी संगणकी खेळ चालविणाऱ्यांमधील धंद्याची चुरस होती. खेळातून चुरस आणि चुरशीतून खंडणी अशा पायऱ्या उतरत ती मुले न्यायालयासमोर उभी राहिली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्यांना तुरुंगाऐवजी तपास यंत्रणेला साहाय्य करण्याची समाजसेवा ठोठावली.

प्रेरणा : सूड

स्थानिक स्वराज्य संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावे असे प्रकरण ऑस्ट्रेलियातील आहे. क्वीन्सलंड राज्यात मरूची हा स्थानिक परिषदेचा प्रदेश. तेथील सांडपाण्याचे पंप दूरनियंत्रणाने चालत. ती यंत्रणा बसविणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एका इसमाने नंतर परिषदेकडे नोकरी मागितली. ती मिळाली नाही. २००० सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्याने मोटारीतून फिरत, संगणक व बिनतारी संचाच्या साहाय्याने, पंपांना खोटे आदेश दिले. सुमारे आठ लक्ष लिटर मैलापाणी उद्यानांत आणि ओढ्यांत शिरले, जलचर मेले, परिसरात दुर्गंधी पसरली. आरंभी परिषदेला वाटले की नव्या यंत्रणेतच काही दोष आहे. २३ एप्रिलला पोलिसांनी त्याची मोटार अडविली तेव्हा उलगडा झाला. २००१ साली त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

तिजोरीला येथे कोणी हात लावला नाही. लुटले गेले ते गावचे आरोग्य. घुसखोर परका नव्हता. आतले सारे जाणणारा होता. काम सोडून गेलेल्या माणसाकडे यंत्रणेच्या किल्ल्या राहिल्या, ही मूळ चूक.

प्रेरणा : राष्ट्रांची स्पर्धा

काही घुसखोर स्वतःसाठी काम करीत नाहीत. त्यांच्यामागे सत्ता उभ्या असतात. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील एका हिशोबाच्या आज्ञावलीवाटे 'नॉटपेट्या' हा हल्ला पसरला. अमेरिका व ब्रिटन यांनी २०१८ मध्ये त्याचे उत्तरदायित्व रशियाच्या लष्करावर ठेवले; रशियाने ते नाकारले. त्याची झळ मात्र आपल्या नवी मुंबईपर्यंत आली. जवाहरलाल नेहरू बंदरातील, जागतिक जहाज कंपनीशी संलग्न असलेल्या एका धक्क्याचे कामकाज ठप्प झाले आणि मालाचे कंटेनर अडकून पडले. दोन दूरच्या देशांच्या भांडणात उरणच्या मालमोटारी थांबाव्यात, हे आजच्या जोडलेल्या जगाचे वास्तव आहे.

प्रेरणा कोणतीही असो, या सर्वांच्या मनात एक समान सोय असते. समोर रडणारा माणूस नसतो. चोरी करताना कोणाच्या घराचे दार मोडत नाही, कोणाचा हात पिरगाळावा लागत नाही. "बँकेचेच तर पैसे," "यंत्रालाच तर त्रास," अशी समजूत घालता येते. पण बँकेच्या आकड्यामागे ठेवीदार असतो आणि रुग्णालयाच्या पडद्यामागे रुग्ण असतो. हे अंतर मनातून पुसणे ही पोलिसांआधी शिक्षणाची जबाबदारी आहे.

आपले दार, आपली कडी

कायदा आपल्या जागी सज्ज आहे. कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास वा पाच लक्ष रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात; दुसऱ्याची डिजिटल स्वाक्षरी वा परवलीचा शब्द कपटाने वापरणे हा कलम ६६-क खालील अपराध होय; सायबर दहशतवादाला आजन्म कारावासापर्यंत शिक्षा आहे. २००४ पासून केंद्रीय प्रतिसाद पथक कार्यरत आहे, आणि २०२२ च्या निर्देशांनुसार घुसखोरी लक्षात येताच सहा तासांच्या आत त्याला कळविणे बंधनकारक आहे. पैशाच्या फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय साहाय्य क्रमांक आहे. त्यावर जितक्या लवकर कळविले जाईल, तितकी रक्कम वाटेतच गोठविली जाण्याची शक्यता अधिक. लाजेपोटी दवडलेला एक तास चोराच्या पदरात पडतो.

परंतु कायदा चोरी झाल्यावर येतो. कडी आपणच लावावयाची असते. ग्रामपंचायतीच्या निधीचे ऑनलाइन प्रदान सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी होते. दोन स्वाक्षऱ्यांची ही योजना एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे यासाठी आहे. त्या दोन्ही स्वाक्षऱ्यांची साधने परवलीच्या शब्दासह एकाच चालकाच्या खणात पडून असतील, तर गावाच्या पाणीपुरवठ्याचा आणि रस्त्याचा पैसा त्या एका खणाच्या भरवशावर आहे. कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवणारा सरपंच कोणाला चालणार नाही. स्वाक्षरीचे साधन दुसऱ्याकडे सोडून देणे म्हणजे तेच आहे.

वरील प्रत्येक प्रकरण एकेक साधा नियम शिकविते. हॅनोव्हरचा घुसखोर आणि मिराई सांगतात की उपकरणासोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. वॉनाक्राय सांगतो की आज्ञावलीच्या दुरुस्त्या वेळेवर लावाव्यात आणि माहितीची एक प्रत संगणकापासून वेगळी ठेवावी. ढाक्याची बँक सांगते की अनोळखी पत्रासोबतचे जोडपत्र उघडू नये, आणि लागून आलेल्या सुट्यांपूर्वी व नंतर खात्याचा ताळमेळ पाहावा. मरूची सांगते की कर्मचारी बदलला की त्याच दिवशी त्याचे प्रवेशाधिकार रद्द करावेत. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही, तज्ज्ञाची आवश्यकता नाही.

शिक्षकांचे काम याहून सूक्ष्म आहे. वर्गातील एखादा विद्यार्थी शाळेच्या संगणकाचा परवलीचा शब्द शोधून काढील. त्याला केवळ शिक्षा करून बाहेर काढणे सोपे आहे. त्याने काय केले हे समजून घेऊन, अनुमतीविना दुसऱ्याचे दार उघडणे अयोग्य का हे त्याला पटवून देणे, आणि त्याच शाळेचा संगणक सुरक्षित करण्याचे काम देखरेखीखाली त्याच्याकडे सोपविणे कष्टाचे आहे. सायबर पोलिसांना, बँकांना आणि शासकीय कार्यालयांना अशाच चौकस बुद्धीची गरज आहे. कुलूप कसे उघडते हे कळणारी मुले गावोगाव जन्मत राहणारच. त्यांनी कोणत्या बाजूला उभे राहावे, हे पुष्कळदा त्यांच्याशी प्रथम कोण बोलतो यावर ठरते. ते बोलणे शाळेत व्हावे.